सोडा ॲशची (काच, डिटर्जंट बनवायला लागणाऱ्या रसायनाची) आयात वाढली की फक्त भाव?

वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात डेटा बँकेत २८३६२० हा एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाका. रुपयांवर भिस्त ठेवू नका. डॉलर घसरला-वधारला की आकडे उगाच नाचतात. किलो किंवा टन हे एकक तपासून डॉलरमधल्या मूल्याला वजनाने भागा, म्हणजे टनामागचा भाव हाती येतो.

एखादं मोठं जहाज लागलं की तो महिना फुगतो, म्हणून मागच्या १२ महिन्यांची बेरीज सरकवत न्या: नवा महिना धरला की सर्वांत जुना सोडा. ताजे महिने तात्पुरते असतात, नंतर बदलतात.

देशवार पाहताना तुर्कस्तान आणि अमेरिका वेगळे काढा. तिथला माल ट्रोना खनिजातला, स्वस्त पडणारा. डिसेंबर २०२४ अखेर टनाला २०,१०८ रुपये ही सरकारने ठरवलेली किमान आयात किंमत लागली. आकड्यांचा आलेख काढलात तर त्या महिन्यावर उभी रेघ मारा, नाहीतर धोरणाचा परिणाम मागणीच्या खात्यात जातो.