सेन्सर हबला सापडेना, शेवटी काय निघालं

दाराचा सेन्सर आणला, खोक्यावर वायरलेस लिहिलेलं, म्हटलं झालं काम. दोन दिवस बटण दाबून दाबून बोट दुखलं पण हब (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र जोडणारं यंत्र) काय त्याला ओळखेना. मग भिंग घेऊन मागचं बारीक अक्षर वाचलं तर तो झेड-वेव्हचा, आणि हबला लावलेला माझा डोंगल (सिग्नल पकडणारी यूएसबी काडी) झिगबीचा! ही दोन वेगळी वायरलेस तंत्रं, एकमेकांशी बोलत नाहीत. झिगबी २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, झेड-वेव्ह १ गिगाहर्ट्झच्याही खाली, आणि तेही देशागणिक वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे परदेशातून मागवलेला सेन्सर झेड-वेव्हच्या हबलाही जुळेलच असं नाही.

बदलून झिगबीचा घेतला, लगेच जोडला गेला, पण रात्री गायब. पुन्हा जोडा, पुन्हा गायब. डोकंच फिरलं. डोंगल मी यूएसबी ३ च्या पोर्टात खुपसलेला, शेजारीच हार्ड डिस्क, आणि यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ मध्येच पडतो. साधी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब टांगला, आणि मध्ये एक झिगबी प्लग ठेवला कारण बॅटरीवालं उपकरण दुसऱ्याचा सिग्नल पुढे पाठवत नाही, सतत वीज असलेलं पाठवतं (बहुतेक तरी). तेव्हापासून सेन्सर एकदाही हरवला नाही. झेड-वेव्हवाला मात्र ड्रॉवरमध्ये पडलाय.