लिव्हिंग विल केलंय? मग या चुका टाळा

लिव्हिंग विल म्हणजे पुढे स्वतः निर्णय घेता आला नाही तर कोणते उपचार हवे, कोणते नको, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. त्यात ‘मले नळ्या-बिळ्या लावू नका’ एवढंच लिहायचं आणि खाली अंगठा. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. नळी कोणती? सलाइनची, नाकातून अन्न देण्याची की श्वासाची? मजकूर मोघम असेल तर वैद्यकीय मंडळाने, म्हणजे कागद तपासणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने, तो अमलात आणू नये, असं सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या निकालातच आहे.

म्हणून फोड करून लिहा. आजार बरा होण्याची आशा नाही आणि मला निर्णय घेता येत नाही, अशा वेळी व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, छाती दाबून हृदय सुरू करणं नको. वेदनेचं औषध, तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं मात्र चालू ठेवा. हे शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात. मग गावात बोललं जातं, ‘बुढ्याले तसाच सोडून देल्ला.’

सही-शिक्क्याचं आता सोपं आहे. जानेवारी २०२३पासून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. साक्षीदार शक्यतो वाटणीत हात नसलेले बघा. आणि हे शेतीच्या मृत्युपत्रात घुसडू नका. ते पेटीतून निघतं तेरवीनंतर!

तुमच्या वतीने बोलणाऱ्याचं नावही लागतं, एकाहून जास्त नावंही चालतात. आपल्याकडे थोरल्या मुलाचं नाव आपसूक पडतं, मग तो पुण्यात का असेना. रात्री सेवाग्रामला नाही तर नागपूरच्या मेडिकलला धावते सून. तिचंही नाव टाका. मुलाला दिवाळीत घरी आला की समोर बसवून सांगा, नाहीतर ऐनवेळी ‘काहीही करा, पैसे पाठवतो’ असा फोन येतो आणि सगळं तिथेच अडतं.

प्रत ग्रामपंचायतीत द्यायची. ‘असं काही आमच्याकडे नसते’ म्हणाले तर वाद नको. अर्ज जोडा, पोच घ्या, नाहीच जमलं तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना भेटा. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक दवाखान्याच्या पिशवीत रिपोर्टसोबत. १०८ आली की तीच पिशवी उचलली जाते.

कागद दाखवला की मशीन लगेच बंद होत नाही. डॉक्टरांची दोन मंडळं बघतात, प्रत्येकी शक्यतो ४८ तासांत. तेवढी कळ काढावी लागते.

मन बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं. फक्त जुन्या प्रती सगळीकडून परत घ्या.