बेदाणा फुगताना दाखवायचाय: धड्यासाठी व्हिडिओ कसा तयार करावा

धड्यासाठी व्हिडिओ करायचा म्हटलं की बहुतेक शिक्षक आधी कॅमेऱ्याची चौकशी करतात. कॅमेऱ्याचं नंतर पाहता येईल. खिशातला फोन बहुतेक कामाला पुरतो. आधी ठरवायचं ते हे, की फळा, खडू आणि हातात धरलेली वस्तू यांनी जे दाखवता येत नाही असं या धड्यात काय आहे? तसं काही सापडलं नाही तर त्या धड्याचा व्हिडिओ करूच नये. वर्गात नीट शिकवावं, ते जास्त चांगलं.

अशा जागा मात्र पुष्कळ सापडतात. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहायच्या असतात आणि शाळेत सूक्ष्मदर्शक एकच असतो. नांदूर मध्यमेश्वरचे पाणपक्षी सुरगाण्याच्या वर्गात आणता येत नाहीत. आणि बेदाणा पाण्यात फुगायला कित्येक तास घेतो, वर्गातला तास मात्र पस्तीस-चाळीस मिनिटांत संपतो. नाशिकच्या मुलांना द्राक्ष आणि बेदाणा वेगळे सांगावे लागत नाहीत, म्हणून या लेखात परासरणाचाच, म्हणजे पातळ पटलातून पाणी कमी दाट द्रावणाकडून जास्त दाट द्रावणाकडे जातं त्या क्रियेचाच, व्हिडिओ उदाहरणाला घेतो.

हळू घडणारी गोष्ट पडद्यावर भराभर दाखवण्याची युक्ती आपल्या जिल्ह्याला परकी नाही. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी, कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ दिवसांमागून दिवस थोडी थोडी टिपली आणि अंकुर वर येताना पडद्यावर दाखवला. भांडवल देणाऱ्याची खात्री पटवायला त्यांनी तो लघुपट वापरला. तसा लघुपट विज्ञानाच्या तासाला आजही चालेल. आपल्याला करायचं ते याच जातीचं काम आहे, आणि हाताशी साधनं त्यांच्याहून कितीतरी सोपी आहेत.

आधी कागदावर

एक वाक्य लिहा: व्हिडिओ पाहून झाल्यावर मूल काय सांगू किंवा करू शकेल? ‘परासरण समजेल’ हे वाक्य चालणार नाही, कारण ते तपासता येत नाही. ‘साध्या पाण्यातला बेदाणा का फुगला आणि तोच दाट पाकात टाकल्यावर का आक्रसला, हे मूल आपल्या शब्दांत सांगेल’ हे चालेल. या वाक्यात न बसणारं जे जे सुचेल ते बाजूला ठेवा. बेदाणे कसे तयार होतात, द्राक्षं कुठे कुठे जातात, सगळं रंजक आहे, पण ते दुसऱ्या व्हिडिओत.

मग मुलांच्या मनात आधीपासून काय आहे ते विचारा. वर्गात नुसतं विचारलं, ‘बेदाणा पाण्यात का फुगतो?’ तर बरीच मुलं म्हणतात, ‘तो पाणी पितो.’ व्हिडिओची खरी सुरुवात इथून होते. बेदाणा पाणी पीत असेल तर पाकात पडल्यावर ते बाहेर का टाकतो? हा प्रश्न व्हिडिओत विचारा, पडद्यावर ‘इथे थांबा, वहीत अंदाज लिहा’ अशी पाटी दाखवा आणि पाच-सहा सेकंद गप्प राहा. मुलाने अंदाज बांधला की उत्तराकडे ते वेगळ्या नजरेने पाहतं. माझ्या मते शैक्षणिक व्हिडिओतली सगळ्यात मोलाची जागा हीच.

आता संहिता. कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे काय दिसतं ते लिहा, उजवीकडे काय ऐकू येतं ते. डावीकडे ‘दोन पारदर्शक ग्लास, मागे आलेखकागद’. उजवीकडे ‘या ग्लासात साधं पाणी आहे, त्या ग्लासात साखरेचा दाट पाक. पाण्यात पाच सुके बेदाणे टाकते, पाकात पाण्यात आधी फुगवलेले पाच.’ उजवी बाजू भरगच्च आणि डावीकडे नुसतं ‘शिक्षक बोलतात’ असं दिसलं, तर तिथे भाषण चालू आहे असं समजा आणि कापा.

‘परासरण’ हा शब्द फुगलेला बेदाणा दिसल्यानंतर आणा. आधी घटना, मग तिचं नाव. पेठ-सुरगाण्यात घरी कोकणा बोलणारी किंवा बागलाणात अहिराणी बोलणारी मुलं पाहणार असतील, तर रोजच्या वस्तूंना त्यांच्या बोलीत काय म्हणतात ते तिथल्या एखाद्या पालकाला विचारून घ्या आणि निवेदनात निदान एकदा तो शब्द येऊ द्या.

शास्त्राच्या बाबतीत सैलपणा नको. पाठ्यपुस्तकातलं निवडक्षम पारपटल (पाणी जाऊ देणारं, पण साखरेसारखे पदार्थ अडवणारं पेशीचं पटल) बेदाण्यात तितकं काटेकोर उरलेलं नसतं. वाळताना पेशींची मोडतोड होते आणि थोडी साखर बाहेर झिरपते. बराच वेळ ठेवलेलं पाणी किंचित पिवळसर होतं ते त्यामुळे. म्हणून ‘फक्त पाणीच आत-बाहेर करतं’ असं ठासून म्हणू नका. ‘पाणी सहज जातं, साखर फार हळू जाते’ म्हणा. जमल्यास बटाट्याच्या ताज्या कापांवर हाच प्रयोग करून शेवटी जोडा, तिथे पेशी जिवंत असतात.

लांबी चार ते पाच मिनिटं. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांचे व्हिडिओ विद्यार्थी किती वेळ पाहतात याचा मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, आणि सहा मिनिटांच्या पुढे लक्ष टिकत नाही असं त्यात दिसलं. आपण मराठीत सावकाश समजावून सांगताना मिनिटाला साधारण शंभर-एकशेवीस शब्द बोलतो. म्हणजे पाच मिनिटांच्या व्हिडिओला साडेचारशे शब्दांची संहिता पुष्कळ झाली, कारण काही वेळ नुसतं पाहायला हवा.

चित्रीकरण

फोन आडवा धरा. सेटिंगमध्ये व्हिडिओचं रिझोल्यूशन (चित्राची स्पष्टता) १०८०पी निवडा. ४के घेतलं तर फोन लवकर भरतो, तापतो आणि संपादन रखडतं. १०८०पीमध्येही मिनिटाला साधारण सव्वाशे एमबी जागा जाते, तेव्हा आदल्या दिवशी फोन रिकामा करा. फ्रेमचा वेग निवडता येत असेल तर सेकंदाला २५ ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ३० वर काही ट्यूबलाइट आणि एलईडी दिवे पडद्यावर लुकलुकताना दिसतात. मॅन्युअल मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद करा, लुकलुक जाते. वस्तूवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि प्रकाश कुलूपबंद होतात. एवढं केलं नाही तर हात मधे आला की चित्र मधेच उजळतं, मधेच काळवंडतं.

प्रकाशासाठी उत्तरेच्या खिडकीजवळचं टेबल उत्तम. खिडकी बाजूला येऊ द्या, पाठीमागे नको.

बेदाण्याचा भाग वेगळा, त्याला थोडी तयारी लागते. तिथे दिवसाचा बदलता उजेड नको, म्हणून खिडकी झाका आणि एकच टेबललॅम्प लावा. पाणी उकळून पूर्ण गार करून घ्या. तसं केलं नाही तर पाण्यात विरघळलेल्या हवेचे बुडबुडे ग्लासला आणि बेदाण्याला चिकटतात, बेदाणे वर तरंगतात आणि चित्र बिघडतं. ग्लासवर बशी झाका. मागे आलेखकागद उभा करा, म्हणजे बेदाणा किती चौकटींनी वाढला हे मुलांना मोजता येतं. फोन स्टँडवर घट्ट बसवा, चार्जर लावून ठेवा, विमान मोड चालू करा आणि टेबलाला कुणाचा धक्का लागणार नाही अशी खोली निवडा.

दर तीस सेकंदांनी एक फोटो घेतला तर सहा तासांत ७२० फोटो होतात. सेकंदाला २५ या वेगाने ते चालवले की जवळजवळ २९ सेकंदांचं दृश्य मिळतं. व्हिडिओत त्यातली पंधरा सेकंदं पुरे, ती दोनदा दाखवा: एकदा निवेदनासह, एकदा मुकाट. फोनचा तयार टाइमलॅप्स मोड (ठरावीक वेळाने आपोआप चित्र टिपणारा) वापरत असाल तर काही फोन दोन चित्रांमधलं अंतर स्वतःच ठरवतात. दहा मिनिटांचा नमुना घेऊन आधी पाहा. आणि टाकण्याआधी व काढल्यावर बेदाण्यांचं वजन डिजिटल काट्यावर करून तेही चित्रित करा. काट्यावरचा बदललेला आकडा पाहिला की वर्गातली शंका संपते.

प्रत्येक दृश्य तीन अंतरांवरून घ्या: पूर्ण टेबल, हात आणि ग्लास, मग फक्त बेदाणा. बोलायला सुरुवात करण्याआधी आणि थांबल्यानंतर पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवा. संपादनाला बसल्यावर या सेकंदांची किंमत कळते.

आवाज

चित्र जरा धूसर असलं तरी मूल सांभाळून घेतं. आवाज घुमला तर दुसऱ्या मिनिटाला सोडून देतं. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च कॉलर माइकवर करा.

प्रयोगाचं चित्रीकरण करतानाच बोलण्याचा हट्ट सोडा. निवेदन नंतर, वेगळं रेकॉर्ड करा. वर्गखोलीत आवाज घुमतो, घरातली गाद्या-गोधड्यांनी भरलेली लहान खोली बरी. पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर बंद. पावसाळ्यात पत्र्याच्या छताखाली रेकॉर्डिंग होत नाही, त्याला इलाज नाही, पाऊस थांबायची वाट पाहावी. माइक नसेल तर फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरा. समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ फटफटतात. सुरुवातीला दहा सेकंद काही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅमला तोच नमुना देऊन मागची घरघर कमी करता येते.

वाचून दाखवू नका. मागच्या बाकावरच्या एका मुलाचा किंवा मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि त्यांना सांगा. वाक्य अडखळलं तर तेवढंच पुन्हा म्हणा, सगळं पहिल्यापासून नको.

शाळेबाहेर जाताना

पांडवलेण्यांवर किंवा अन्य संरक्षित स्मारकावर धडा करणार असाल तर ट्रायपॉड लावण्याआधी तिथल्या पुरातत्त्व विभागाच्या कर्मचाऱ्यांकडून परवानगीचे नियम समजून घ्या. ड्रोनच्या मोहात तर पडूच नका. देवळालीचं तोफखान्याचं केंद्र, ओझरचा विमानतळ, नोटांचा छापखाना असं सगळं नाशिकच्या आसपास आहे. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय आणि लागेल ती परवानगी घेतल्याशिवाय ड्रोन वर जाता कामा नये.

मुलांचे चेहरे दाखवायचे असतील तर पालकांची लेखी संमती हवी. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलं आहे. संमतीपत्रात व्हिडिओ कुठे टाकणार हेही लिहा. शाळेच्या गटावर आणि यूट्यूबवर यांत फार फरक आहे. मला विचाराल तर चेहरे टाळावेत. प्रयोगात मुलांचे हात दिसले की पुरतं, आणि हात ओळखून मुलं खूशही होतात.

संपादन

काइनमास्टर, व्हीएन, इनशॉट यांपैकी कुठलंही फोनवर चालेल. संगणक असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह मोफत मिळतात आणि जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालतात. दाविंची रिझॉल्व्ह सरस आहे, पण त्याला तगडा संगणक लागतो.

आधी निवेदन ॲपमधल्या पट्टीवर (टाइमलाइनवर) टाका. ते डोळे मिटून ऐका, नको ते कापा. मग त्यावर चित्रं बसवा. उलट केलं तर सुंदर चित्रांच्या मोहापायी बोलणं लांबत जातं.

पडद्यावर अख्खी वाक्यं लिहून तीच वाचू नका; मूल एकाच वेळी वाचू की ऐकू या पेचात पडतं. ‘पाणी आत’ एवढे दोन शब्द आणि एक बाण पुरे. पार्श्वसंगीताचंही तेच. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमांतून शिकण्यावर केलेल्या प्रयोगांत सजावटीचं संगीत आणि आवाज वगळल्यावर शिकणाऱ्यांना जास्त समजल्याचं दिसलं आहे. सुरुवातीला तीन सेकंद हवं तर वाजू द्या, तेही यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं. सिनेमातलं गाणं घेतलं तर हक्काचा दावा येतो आणि कधी कधी व्हिडिओचा आवाजच बंद होतो. दुसऱ्याची छायाचित्रं लागली तर विकिमीडिया कॉमन्सवर शोधा, परवान्याची अट वाचा आणि छायाचित्रकाराचं नाव द्या.

मराठी अक्षरांची काळजी वेगळी घ्यावी लागते. काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच डोक्यावर बसतो, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. ‘विद्यार्थ्यांच्या’, ‘द्रावण’ आणि ‘आक्रसलेल्या’ हे तीन शब्द टाइप करून पाहा. ते नीट दिसले तर बाकीचेही दिसतील. फाँट ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ घ्या, दोन्ही मोफत आहेत. उपशीर्षकं आपोआप तयार करून घेता येतात, पण ‘परासरण’चं काय होतं ते वाचून दुरुस्त केल्याशिवाय प्रसिद्ध करू नका. नीट ऐकू न येणाऱ्या मुलांचा सगळा भर त्या ओळींवर असतो.

मुलांपर्यंत

दोन प्रती काढा: १०८०पीची साठवायला आणि यूट्यूबला, ४८०पीची व्हॉट्सॲपवर पाठवायला. पाच मिनिटांची लहान प्रत पंचवीस-तीस एमबीत बसते आणि जिथे रेंज धड मिळत नाही अशा पाड्यावर पेन ड्राइव्हनेही जाते. संपादनाची मूळ फाइल आणि कच्ची दृश्यं पुसू नका.

सगळ्यांना पाठवण्याआधी चार-पाच मुलांना दाखवा. त्या वेळी पडद्याकडे पाहू नका, मुलांकडे पाहा. कुठे चुळबुळ झाली, कुठे मान पुढे आली, याची मिनिट-सेकंदासह नोंद करा. मग कागदावरच्या पहिल्या वाक्याचा प्रश्न विचारा: पाकातला बेदाणा का आक्रसला? उत्तर ‘कारण पाक गोड असतो’ एवढ्यावरच अडलं, तर पाकाच्या दृश्याचं निवेदन पुन्हा लिहा, तेवढाच तुकडा नव्याने रेकॉर्ड करून बसवा आणि आधी न पाहिलेल्या दुसऱ्या चार मुलांना दाखवा.