वर्गातल्या तंत्रज्ञानावर एम.ए., एम.एड. करताय? या चुका टाळा

‘इयत्ता सातवीच्या सामान्य विज्ञानातील निवडक घटकांसाठी ई-साहित्याची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास.’ शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही विभागाच्या ग्रंथालयात जा, अशा शीर्षकांचे लघुशोधप्रबंध कपाटात ओळीने लावलेले दिसतील. इयत्ता बदलते, विषय बदलतो, निष्कर्ष मात्र तोच: ई-साहित्य पारंपरिक पद्धतीपेक्षा परिणामकारक आहे. शाळा सांभाळून, रविवार आणि दिवाळीची सुट्टी खर्ची घालून, स्वतःच्या खिशातून फी भरून शिक्षक दोन वर्षं अभ्यास करतात आणि हाती एवढं एकच वाक्य लागतं. त्या कष्टातून याहून कितीतरी जास्त निघू शकतं. ते कुठे अडतं, ते पाहू.

प्रवेश घेताना

‘शैक्षणिक तंत्रज्ञान’ हे नाव पाहून फॉर्म भरू नका. कशासाठी शिकायचंय ते आधी ठरवा, कारण या नावाखाली वेगवेगळे अभ्यासक्रम चालतात. एम.एड. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) अखत्यारीत येतं. २०१४ च्या नियमावलीने ते दोन वर्षांचं केलं आणि त्यात हजेरीला महत्त्व आहे. एम.ए. (शिक्षणशास्त्र) यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनी चालतं आणि दूरशिक्षणानेही करता येतं. इग्नू मुक्त विद्यापीठाच्या एम.ए. शिक्षणशास्त्रात शैक्षणिक तंत्रज्ञान हे विशेषीकरण म्हणून घेता येतं. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. आयआयटी मुंबईत २०१० पासून यात पीएच.डी. होते, पण तिथला भर संशोधनावर आहे. पुढे अध्यापक महाविद्यालयात जायचं असेल तर त्या पदाची पात्रता आधी वाचा आणि मगच अभ्यासक्रम निवडा. नियम बदलत राहतात, त्यामुळे ज्या वर्षी प्रवेश घेणार त्या वर्षीचीच माहितीपुस्तिका धरा. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम असेल तर त्या विद्यापीठाला त्या सत्रासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, तेही पाहा. दलालाने दाखवलेलं पत्रक पुरेसं नाही.

नोकरीत असाल तर पूर्वपरवानगी लेखी घ्या. मुख्याध्यापकांनी तोंडी ‘करा हो’ म्हटलेलं पुढे सेवापुस्तकात नोंद करायची वेळ आली की उपयोगी पडत नाही.

सुरुवात साधनापासून करणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातूनच निघतात. शाळेला इंटरॅक्टिव्ह बोर्ड मिळाला, म्हणून बोर्डावर संशोधन. टॅब आले, म्हणून टॅबवर. मार्गदर्शक विचारतात, ‘समस्या काय आहे?’ उत्तर येतं, ‘शिक्षक तंत्रज्ञान वापरत नाहीत.’ ही मुलांची अडचण नव्हे.

पुण्यश्लोक मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये ‘टीपॅक’ची चौकट मांडली. आशयाचं ज्ञान, अध्यापनाचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान ही तीन वर्तुळं एकमेकांना जिथे छेदतात तिथे शिक्षकाचं खरं कसब असतं, असं ते म्हणतात. आपल्याकडे प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात ही आकृती हमखास असते, आणि तिसऱ्या प्रकरणापासून तिचा मागमूस राहत नाही. पाठ मात्र एखाद्या पीपीटीचा निघतो.

ती चौकट कामाला लावायची म्हणजे काय, ते विजेच्या पाठावर पाहू. एका सेलला दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडले, तर दुसऱ्या बल्बचा उजेड कमी पडेल का? वर्गात विचारून बघा. बरीच मुलं ‘हो’ म्हणतात, आणि कारणही देतात: ‘पहिल्या बल्बने वीज वापरली ना!’ विद्युतधारा वाटेत खर्च होते, असं त्यांना मनापासून वाटत असतं. ही समजूत जगभरच्या वर्गांत आढळलेली आहे आणि व्याख्या पाठ करून ती जात नाही. आता खरे बल्ब घेऊन प्रयोग केला तर काय होतं? एकाच पाकिटातल्या दोन बल्बांच्या तारांतही थोडा फरक असतो, त्यामुळे एक जरा मंद दिसतो. तो नेमका दुसरा निघाला की मुलं म्हणतात, ‘बघा, आम्ही म्हटलं नव्हतं?’ चुकीची समजूत आणखी घट्ट होते.

सिम्युलेशनला खरं काम इथे आहे. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ प्रकल्प कार्ल वाईमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्याच्या विद्युत मंडलाच्या सिम्युलेशनमध्ये दोन्ही बल्ब अगदी सारखे ठेवता येतात, तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात आणि अ‍ॅमीटर बल्बच्या आधी लावा की नंतर, आकडा तोच येतो. मुलांनी आधी वहीत अंदाज लिहायचा, मग पाहायचं, मग अंदाज का चुकला ते शेजारच्याला समजावायचं. त्यानंतर खरे बल्ब हातात द्यायचे आणि विचारायचं, ‘आता इथे फरक का दिसतोय?’ या पाठात साधन का लागलं, त्याआधी काय हवं होतं, नंतर काय हवं होतं, सगळ्याला कारण आहे. संशोधनाचा प्रश्नही आपोआप नेमका होतो: ‘धारा खर्च होते’ ही समजूत किती मुलांच्या मनातून गेली, आणि ज्यांच्या मनातून गेली नाही ती कुठे अडली?

तुमच्या विषयातली अशी जागा शोधा. अपूर्णांकांच्या भागाकारात उत्तर मोठं कसं येतं, नकाशावरची उंची डोळ्यांसमोर कशी उभी राहते, असे प्रश्न प्रत्येक शिक्षकाला रोजच्या वह्या तपासताना दिसत असतात. विषय तिथूनच निघायला हवा. असा विषय तुम्हाला मार्गदर्शकापेक्षाही चांगला ठाऊक असतो.

‘पारंपरिक पद्धत’ म्हणजे नक्की काय?

अ तुकडीला व्हिडिओ दाखवला, ब तुकडीला पारंपरिक पद्धतीने शिकवलं, पूर्व चाचणी, उत्तर चाचणी, टी-मूल्य (दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासणारा आकडा), ‘फरक नाही’ या शून्य परिकल्पनेचा त्याग. हा साचा इतका मुरलाय की त्यातली भोकं कुणाला दिसत नाहीत. ब तुकडीत त्या तासाला काय झालं, हे प्रबंधात कुठेच नसतं. अ तुकडीला नवं साहित्य मिळालं, जास्तीचे तास मिळाले आणि स्वतः संशोधक शिक्षिका उत्साहाने शिकवायला आल्या. ब तुकडीला नेहमीचे सर मिळाले. मग फरक पडला तो कशामुळे?

शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच हा आक्षेप घेतला होता. किराणा आणणाऱ्या गाडीमुळे आपल्या पोषणात फरक पडत नाही, तसं माध्यमामुळे शिकण्यात फरक पडत नाही, पडतो तो शिकवण्याच्या पद्धतीमुळे, असं त्यांचं म्हणणं. रॉबर्ट कोझ्मा यांनी त्यांना उत्तर दिलं आणि हा वाद बरीच वर्षं चालला. मला क्लार्क पूर्णपणे पटत नाहीत. वरच्या बल्बच्या पाठात साधनाशिवाय ती पद्धतच शक्य झाली नसती. पण त्यांच्या आक्षेपाला उत्तर दिल्याशिवाय तुलना करू नये, असं मला ठाम वाटतं.

उपाय साधे आहेत. दोन्ही तुकड्यांना सारखाच वेळ आणि शक्यतो एकच शिक्षक द्या. ब तुकडीचं पाठ टाचणही परिशिष्टात जोडा. तुकड्या शाळेने पाडलेल्या असतील तर त्याला शुद्ध प्रयोग म्हणू नका, अर्ध-प्रायोगिक म्हणा आणि पूर्व चाचणीतला फरक हिशेबात घ्या. तीन-चार आठवड्यांनी तीच समजूत पुन्हा तपासा, कारण नव्या गोष्टीचं अप्रूप ओसरल्यावर काय उरतं ते तेव्हाच कळतं.

आणि पटच अठराचा असेल तर? नऊ-नऊचे गट पाडून टी-परीक्षिका लावण्यात काही हशील नाही. कृती संशोधन करा, म्हणजे स्वतःच्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून पाहा आणि त्याचा अभ्यास मांडा. प्रत्येक मुलाची वही, त्याची मुलाखत, त्याने काढलेली आकृती नीट मांडा. लहान पट ही अशा अभ्यासासाठी मोठी सोय आहे. मुंबई-पुण्यातल्या साठ मुलांच्या वर्गात एवढं जवळून पाहता येत नाही.

शाळेचं कॅलेंडर न पाहता वेळापत्रक आखणं

मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावांत दिवाळीच्या सुमारास कुटुंबं कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि काही मुलंही सोबत जातात. पूर्व चाचणी ऑगस्टमध्ये आणि उत्तर चाचणी डिसेंबरमध्ये ठेवली, तर जी मुलं गेली त्यांची नावं यादीतून नुसती वगळली जातात. तिथे एक घटक घ्या आणि सगळं काम पहिल्या सत्रातच संपवा. कोकणात गणपतीची सुट्टी मध्ये येते. निवडणूक किंवा सर्वेक्षणाचं काम शिक्षकांच्याच गळ्यात पडतं. आराखड्यात दोन-तीन आठवडे मोकळे ठेवले नाहीत, तर शेवटी पाठ उरकले जातात आणि आकडे घाईतले येतात.

पाठाच्या वेळी काही चाललंच नाही

बहुतेक बिघाड टाळता येतात. ज्या खोलीत पाठ घ्यायचाय तिथे, त्याच वेळी आधी एकदा सगळं चालवून पाहा. सकाळी स्वच्छ दिसणारा प्रोजेक्टर दुपारच्या उन्हात फिका पडतो. पत्र्याचं छत असेल तर पावसात स्पीकरचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून व्हिडिओवर मराठी उपशीर्षकं टाका किंवा मजकूर फळ्यावर लिहून ठेवा. नेटच्या भरवशावर राहू नका. फेटची सिम्युलेशन्स डाउनलोड करून नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात, गणितासाठीचं जिओजेब्राही तसंच वापरता येतं. फाइल पेनड्राइव्हवर आणि फोनवर, दोन्हीकडे असू द्या. वीज गेली तर घ्यायचा पाठही लिहून ठेवा. तो घ्यावा लागला तर तसं नोंदवा, लपवू नका.

घरी करायची कामं देताना घरातला एकच फोन तीन भावंडांत आणि आई-वडिलांत फिरतो, हे गृहीत धरा. केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रं सुचवली होती. कोविडकाळ सरला तरी मर्यादा म्हणून हा आकडा डोळ्यांसमोर असावा.

भाषेकडे दुर्लक्ष

यूट्यूबवरून घेतलेल्या व्हिडिओत निवेदक ‘करंट’ म्हणतो, बालभारतीच्या पुस्तकात ‘विद्युतधारा’ असते, आणि चाचणीत तिसराच शब्द येतो. मुलाचं उत्तर चुकलं तर ते विज्ञानात चुकलं की शब्दात, हे सांगता येत नाही. साहित्यातले शब्द पाठ्यपुस्तकाशी जुळवून घ्या. नंदुरबार किंवा मेळघाटात काम करत असाल तर प्रश्न आणखी पुढचा आहे: मुलाच्या घरी पावरी, भिली किंवा कोरकू बोलतात. तिथे आवाजाची पट्टी गावातल्याच कुणाकडून रेकॉर्ड करून घेतली तर ऐकणाऱ्या मुलांचे चेहरे बदलतात.

शिक्षकांसाठीच्या प्रश्नावलीतही हाच घोळ होतो. इंग्रजीतली तयार टीपॅक प्रश्नावली घेतात, घाईत मराठी करतात आणि मूळची विश्वसनीयता (प्रश्नावलीवर किती भरवसा ठेवता येतो याचा आकडा) तशीच उद्धृत करतात. भाषांतर झालं की ते दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्या, मूळ मजकुराशी ताडून पाहा, दहा-पंधरा शिक्षकांवर आधी चालवा आणि विश्वसनीयता नव्याने काढा.

टंकलेखनाबद्दलही सांगितलं पाहिजे. प्रबंध पहिल्या पानापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधली फाइल बदलताना जोडाक्षरं आणि रफार फुटतात, आणि इतरांच्या लिखाणाशी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो मजकूर मराठी म्हणून ओळखताच येत नाही. ऐनवेळी दीडशे पानं पुन्हा तपासत बसण्याची पाळी येते.

मुलांची माहिती

गुगल फॉर्मवर मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचा मोबाइल, कधीकधी आधार क्रमांकसुद्धा मागितलेला दिसतो. यातलं काहीही संशोधनाला लागत नाही. सांकेतिक क्रमांक द्या आणि नावांची यादी वेगळ्या वहीत कुलपात ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलंय आणि पालकांच्या संमतीवर भर दिलाय. संमतीपत्र मराठीत, पालकाला वाचून समजेल असं लिहा. शाळेची परवानगी वेगळी, पालकाची वेगळी. प्रबंधात मुलांचे चेहरे दिसणारे फोटो घालण्याची तर काहीच गरज नाही.

दुसरं प्रकरण यंत्राकडून लिहून घेणं

एआयला ‘संबंधित साहित्याचा आढावा दे’ म्हटलं की क्षणात वीस संदर्भ येतात. त्यातले काही अस्तित्वातच नसतात: लेखकाचं नाव खरं, शीर्षक बनावट. परीक्षकाने एक जरी शोधून पाहिला तर सगळ्या कामावरचा विश्वास उडतो. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाचा. भारतीय प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात पूर्ण मजकुरासह मिळतात. मजकूर उचलण्याबाबतही सावध राहा: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारित प्रत द्यावी लागते, साठच्या वर नोंदणीच रद्द होऊ शकते.

‘फरक आढळला नाही’ तर?

शून्य परिकल्पना टिकली की शिक्षक घाबरतात. मार्गदर्शक नाराज होतील, पदवी अडेल, असं वाटतं आणि मग दोन-चार उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या जातात. तसं करू नका. पदवी फरकावर मिळत नाही, पद्धत नीट आहे का यावर मिळते. निरीक्षणाची वही उघडा. कोणत्या तासाला लाइट गेली होती, कोण गैरहजर होतं, मुलं सिम्युलेशनशी नुसतीच खेळत बसली आणि अंदाज लिहायचाच राहिला असा तास कोणता, हे तिथे असतं. चाचणीतला प्रत्येक प्रश्न वेगळा काढून पाहा. एकूण गुणांत फरक नसतानाही एखाद्याच प्रश्नावर मुलं ठळकपणे पुढे गेलेली सापडतात, आणि तो प्रश्न बहुधा तुम्ही साधन ज्या अडचणीसाठी आणलं होतं त्याच अडचणीचा असतो. तो तक्ता करून पाचव्या प्रकरणात द्या. बाकीच्या प्रश्नांवर फरक का पडला नाही, तेही तिथेच लिहा. हीच पानं पुढच्या शिक्षकाला उपयोगी पडतील.