पावसाचं पाणी घरातल्या फ्लशला आणि वॉशिंग मशीनला जोडताय? या चुका टाळा

छतावरचं पाणी टाकीत उतरवणं त्या मानाने सोपं आहे. तेच पाणी फ्लशपर्यंत, वॉशिंग मशीनपर्यंत आणि बाहेरच्या नळापर्यंत खेळवणं जोखमीचं, कारण आता घरात पिण्याचं आणि न पिण्याचं अशी दोन पाणी शेजारीशेजारी वाहू लागतात. बहुतेक बिघाड दोनच जागी होतात: जिथे ही दोन पाणी एकमेकांजवळ येतात तिथे, आणि जिथे पाइपचं तोंड टाकीत उघडतं तिथे.

दोन्ही लाइन एकाच टीने (तीन तोंडांच्या जोडाने) जोडणे

ही सगळ्यात घातक चूक. टाकी आटली तर फ्लश बंद पडू नये म्हणून पिण्याच्या पाण्याची लाइन आणि पावसाच्या पाण्याची लाइन एका टीवर आणतात, दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह बसवतात आणि ‘हा उघडताना तो बंद करायचा’ असं घरात ठरतं. एखाद्या दिवशी कुणीतरी विसरतं. पंप 2.5 ते 3 बार दाब देत असतो आणि पिण्याच्या लाइनला त्याहून कमी दाब असेल, तर पावसाचं पाणी थेट स्वयंपाकघरातल्या नळात शिरतं. ते दिसायला स्वच्छ असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. पण छतावर पक्ष्यांची विष्ठा पडलेली असते आणि तिच्यात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जीवाणू असू शकतात.

‘मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकलाय’ हे उत्तर पुरेसं नाही. हा व्हॉल्व्ह पाणी एकाच दिशेने जाऊ देतो, पण त्याच्या पडद्याखाली वाळूचा एखादा कण अडकला तरी तो पूर्ण मिटत नाही, आणि पावसाच्या पाण्यात असे कण असतातच.

खात्रीचा उपाय म्हणजे मोकळी हवा. पिण्याच्या लाइनचा पाइप पावसाच्या लाइनला कुठेही जोडू नका. त्याचं तोंड टाकीच्या वर एका उघड्या नरसाळ्यावर सोडा आणि नरसाळ्यातून पाणी आपल्या उताराने टाकीत जाऊ द्या. पाइपचं तोंड आणि नरसाळ्याची वरची कड यांच्यात पाइपच्या आतल्या व्यासाच्या दुप्पट, आणि 25 मिमीपेक्षा कमी नाही, एवढी फट हवी. 20 मिमीचा पाइप असेल तर 40 मिमी. कालांतराने ‘पाणी उडतंय’ म्हणून कुणी ही फट टेप लावून किंवा सॉकेट बसवून बुजवतं. तसं होऊ देऊ नका. पाणी उडत असेल तर नरसाळं मोठं घ्या किंवा प्रवाह कमी करा.

जोडणी झाल्यावर तपासणी कराच. पिण्याच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, गच्चीवर टाकी असेल तर तिचाही. पावसाच्या पाण्याचा पंप चालू ठेवा आणि घरातले पिण्याचे सगळे नळ उघडा, गरम पाण्याचेही. पाइपात उरलेलं पाणी निघून गेलं की धार थांबली पाहिजे. एखादा नळ वाहतच राहिला तर दोन्ही लाइन कुठेतरी एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत. मग उलट तपासा: पंप बंद, पिण्याची लाइन चालू, आणि फ्लश, मशीन, बागेचा नळ कोरडे पडतात का ते पाहा. घरात नळजोडणीचं कुठलंही काम झालं, नुसता बेसिनचा नळ बदलला तरी, ही तपासणी पुन्हा करावी. पावसाच्या लाइनचा पाइप वेगळ्या रंगाचा ठेवा, त्यावर दर मीटरभर अंतरावर ‘पावसाचं पाणी, पिऊ नये’ असं लिहा. बागेच्या नळाला काढून ठेवता येणारी चावी बसवा, म्हणजे खेळता खेळता मुलं ते पाणी पिणार नाहीत.

टाकी आटली की ती काठोकाठ भरून ठेवणे

आटलेल्या टाकीत पिण्याच्या पाण्याची भर घालायला साधा बॉलकॉक बसवला की तो टाकी वरपर्यंत भरतो. मग पाऊस येतो आणि सगळं पाणी ओव्हरफ्लोने वाहून जातं. 80 चौरस मीटर छतावर 20 मिमी पाऊस पडला तर हिशेबाने 1600 लिटर पाणी येतं. भिजण्यात, उडण्यात जाणारं आणि पहिलं घाणीचं पाणी वजा केलं तरी 1200 लिटरच्या आसपास हाती लागतं. त्यासाठी टाकीत जागा हवी.

म्हणून भर फक्त एका दिवसाच्या गरजेपुरती घाला. चार माणसं, प्रत्येकी पाच फ्लश, दर फ्लशला 6 लिटर म्हणजे 120 लिटर. कपड्यांच्या एका फेरीचे साधारण 60 लिटर धरले तर 180. टाकीच्या तळाकडे फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारा) आणि त्यावर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारा-मिटणारा) बसवा. स्विचच्या वायरीचा मोकळा भाग जितका लांब ठेवाल तितका चालू आणि बंद होण्याच्या पातळीत फरक पडतो. तो 150 ते 200 लिटरवर जुळवा. पंप कोरडा चालू नये म्हणून वेगळा स्विच लागतो आणि त्याची पातळी याच्याही खाली असते. दोन्ही कामं एकाच स्विचकडून करून घेऊ नयेत.

पाइपची तोंडं चुकीच्या जागी

वरून धो धो पडणारं पाणी तळाचा गाळ ढवळतं. येणारा पाइप तळापर्यंत न्या आणि शेवटी एल्बो (वळणाचा जोड) लावून तोंड वर वळवा, म्हणजे पाणी गाळावर न आदळता शांतपणे वर चढेल. तळाचा पातळ थर उगीच खरवडू नका. काही जीवाणू तिथेच बसून पाण्यातला सेंद्रिय अंश खातात. गाळ 5 ते 7 सेंमीवर गेला की काढा.

पंपाला पाणी तळातून देऊ नका. चेंडूसारख्या फ्लोटला बांधलेली, न चेपणारी होज वापरा. तिचं तोंड पृष्ठभागाच्या 10 ते 15 सेंमी खाली राहतं, जिथे पाणी सर्वांत निवळ असतं. वर तरंगणारा कचरा आणि खालचा गाळ दोन्ही टळतात. होज एवढीच लांब असावी की टाकी रिकामी होत आली तरी तिचं तोंड तळाला टेकणार नाही.

ओव्हरफ्लोचा पाइप येणाऱ्या पाइपपेक्षा लहान नको. त्याच्या तोंडाला 1 मिमीहून बारीक जाळी लावा, नाहीतर डास आत शिरतात. जाळी पाण्याला अडवते म्हणून तिचं क्षेत्रफळ पाइपच्या तोंडाहून मोठं ठेवा. हा पाइप मैल्याच्या लाइनला थेट जोडू नये. पावसाळ्यानंतर तिथला ट्रॅप (वास अडवणारं, पाणी साठलेलं वळण) आटतो आणि दुर्गंधी टाकीत येते.

पहिला पाऊस टाकीत घेणे

दर पावसाचं सुरुवातीचं पाणी छताची धूळ, विष्ठा, पानांचा चुरा घेऊन येतं. किमान पहिला 1 मिमी बाजूला काढा: 100 चौरस मीटर छताला 100 लिटर. इथे अंदाज हमखास चुकतो. 110 मिमीच्या एक मीटर पाइपात साडेआठ लिटरच मावतात, म्हणजे भिंतीवरचा दोन मीटरचा उभा तुकडा 17 लिटरच अडवतो. छत मोठं असेल तर वेगळा ड्रम लावा. त्याच्या तळाला बारीक छिद्र ठेवून तो दिवसभरात आपोआप रिकामा होईल असं करा. छिद्र बुजलं की ड्रम भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसाची घाण सरळ टाकीत जाते. पावसाळ्यात ते महिन्यातून एकदा मोकळं करा.

नळ बंद, तरी पंप सुरू होतो

आधी पंपानंतरचा व्हॉल्व्ह बंद करून प्रेशर गेजकडे पाहा. काटा तरीही उतरत असेल तर पंपाकडचा नॉन-रिटर्न किंवा फूट व्हॉल्व्ह (ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाशी असलेला) गळतोय. काटा स्थिर राहिला तर गळती घरात आहे, बहुधा फ्लशच्या टाकीत. तिथे खायचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचा रबरी वॉशर बदला.

नळ उघडल्यावर पंप सारखा चालू-बंद होत असेल तर प्रेशर टँकमधली (पंपाजवळच्या, हवेने दाब धरून ठेवणाऱ्या छोट्या टाकीतली) हवा उतरली आहे. वीज बंद करून लाइनमधलं पाणी काढा आणि मगच टायरच्या गेजने हवा मोजा. पंप ज्या दाबाला चालू होतो त्याहून 0.2 बार कमी हवा हवी, 1.5 बारला चालू होणाऱ्या पंपाला 1.3 बार. पाणी भरलेलं असताना मोजलेला आकडा फसवा असतो.

रंग, वास आणि पाइप

पाणी चहाच्या रंगाचं येत असेल तर पन्हळीत पानं कुजताहेत. सडक्या अंड्याचा वास म्हणजे तळाच्या गाळाला हवा मिळत नाही. टाकीत ब्लीचिंग ओतून हे जात नाही, क्लोरीन त्या कचऱ्यावरच संपून जातं. गाळ काढा, पन्हळ साफ करा. पाणी हिरवट असेल तर टाकीत उजेड शिरतोय. अर्धपारदर्शक टाकी गडद रंगवा किंवा झाका.

पावसाच्या पाण्यात क्षार नसतात आणि ते किंचित आम्लधर्मी असतं, स्वच्छ हवेतही त्याचा पीएच 5.6 च्या आसपास असतो. असं पाणी तांब्याचे आणि जस्ताचा मुलामा दिलेले पाइप हळूहळू खातं. यूपीव्हीसी किंवा एचडीपीईचे प्लॅस्टिकचे पाइप वापरा. कपड्यांना मात्र हेच पाणी चांगलं. साबण कमी लागतो, म्हणून पावडर निम्म्यावर आणून पाहा. अॅस्बेस्टॉसचे पत्रे किंवा शिशाची पट्टी असलेल्या छताचं पाणी घरात घेऊ नये.

मशीनच्या आधी 50 मायक्रॉनचा आणि त्यानंतर 20 मायक्रॉनचा फिल्टर लावा. एकदम बारीक फिल्टर आठवड्यात तुंबतो आणि मशीन ‘पाणी येत नाही’ अशी खूण दाखवतं. फिल्टर साफ असूनही तसं झालं तर मशीनच्या इनलेट पाइपच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी पक्कडीने ओढून काढा आणि टूथब्रशने घासा. फ्लश सावकाश भरत असेल तर त्याच्या व्हॉल्व्हमध्येही अशीच जाळी असते.