जुनी गिटार 'नवी' करू नका: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात वाद्यदुरुस्तीच्या टेबलावर बसून मला बरीच वर्षं झाली. जुनी गिटार घेऊन येणारा प्रत्येक जण विचारतो, "नातवंडांच्या वेळी हिला भाव राहील का हो?" बाजाराचं पुढे सांगतो. आधी हे ऐका, की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गिटारींचा भाव घरच्यांनीच, तोही प्रेमापोटी, उतरवलेला असतो.

पॉलिश करून घेणे

ही चूक बघून मला आजही वाईट वाटतं. गेल्या चैत्रात एक गृहस्थ वडिलांची गिटार घेऊन आले. पिशवीतून काढली तर आरशासारखी चकाकत होती. "वडिलांची आठवण आहे, म्हटलं नीट करून घ्यावी. सुतार घरी आलाच होता कपाटांसाठी." सुताराने कपाटांबरोबर गिटारही घासली होती आणि वर मेलामाइनचे तीन हात मारले होते.

मी टॉर्च आणि दंतवैद्याचा छोटा आरसा घेऊन एफ-होलमधून, म्हणजे गिटारीच्या अंगावरच्या 'f' आकाराच्या भोकातून, आत पाहिलं. आतला शिक्का शाबूत होता, क्रमांकाआधी 'यू' अक्षर. गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीने 1952 ते 1961 या काळात वर्षासाठी अक्षरं उलटी वापरली: 1952 ला झेड, मग वाय, असं करत 1957 ला यू. म्हणजे ही गिब्सनची 1957 ची ईएस-125 मॉडेलची गिटार. "तारा पिळायच्या जुन्या चाव्या कुठायत?" मी विचारलं. "त्यांची बटणं भुगा व्हायला आली होती, भंगारवाल्याला दिल्या." नव्या चाव्यांसाठी गिटारीच्या डोक्यावर जादा भोकंही पाडली होती.

त्या काळचा नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे लाकडावरचा मूळ चकाकीचा थर, पातळ असतो. तो पिवळा पडतो, त्याला केसासारख्या बारीक भेगा जातात. गिऱ्हाईक नेमकं तेच बघतं, कारण त्यावरूनच वय आणि अस्सलपणा कळतो. मूळ लॅकर गेला की भाव साधारण निम्म्यावर येतो, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. चाव्या आणि भोकांचं नुकसान त्याहून वेगळं. हे सगळं ऐकून ते गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत.

माझी सवय सांगतो. मऊ सुती कापड, तोंडाची वाफ, बस. काढलेला प्रत्येक स्क्रू, तुटकं बटण, फुटका पिकगार्ड एका पाकिटात घालून केसमध्ये ठेवतो. दोन दिवसांत चमकवून हवी असेल तर कृपा करून माझ्याकडे आणू नका.

लू आणि कूलर

ग्वाल्हेरचा मे महिना लाकडाचा वैरी आहे. पारा 45 ला टेकतो, हवेतला ओलावा पार आटतो. लाकूड आक्रसतं, फ्रेटची, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन बोटांना लागतात, मग एके दुपारी वरची फळी तडकते. त्यावर लोक उपाय काय करतात, तर गिटार कूलरसमोर ठेवतात! दिवसभर दमट झोत, रात्री कूलर बंद की पुन्हा कोरडी हवा. या हेलकाव्यांनी लाकडाचे जास्त हाल होतात.

लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मी आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र केसमध्ये ठेवतो, काही शे रुपयांत मिळतं. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून काढलेला स्पंजचा तुकडा घालतो आणि केस घराच्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवतो. पहिला पाऊस पडला की स्पंज काढून टाकतो. तडा गेलाच तर घाईने फेव्हिक्विक ओतू नका. ते डाग लाकडातून निघत नाहीत, नंतर चांगला कारागीरही हात टेकतो.

बाकीच्या चुका

नायलॉनच्या गिटारीवर स्टीलच्या तारा चढवू नका. नायलॉनचा संच सुमारे 40 किलोने ओढतो, स्टीलचा 70 च्या पुढे. ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, उखडणारच.

ट्रस रॉड, म्हणजे दांड्याचा बाक सांभाळणारी आतली सळई, एका वेळी पाव फेराच फिरवा, मग एक दिवस थांबा. व्हिडिओ बघून पाना फिरवणारी मुलं हाच एक दिवस थांबत नाहीत.

उन्हात बंद गाडीत गिटार ठेवू नका. जुना सरस उष्णतेने सुटतो.

ब्राझिलियन रोझवूडची गिटार कागदपत्रांशिवाय परदेशी पाठवू नका. ते लाकूड 1992 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे.

लिलावाच्या बातमीवरून भाव ठरवणे

2020 मध्ये निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन याची 1959 ची मार्टिन कंपनीची गिटार 60 लाख डॉलरला गेली. तो भाव कोबेनच्या हाताचा होता. आपल्या जीवाजीगंजात सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या घरी सरोद घर हे वाद्यांचं संग्रहालय आहे, तिथे गेलात तर वाद्य कोणी वाजवलं याचं मोल कळेल.

आता नातवंडांचा प्रश्न. 1958 ते 1960 ची सनबर्स्ट (मधे फिकट, कडेला गडद रंगाची) लेस पॉल ही गिब्सनची इलेक्ट्रिक गिटार आज सर्वांत महाग गिटारींत मोडते, पण तेव्हा ती खपत नव्हती म्हणून गिब्सनने 1961 मध्ये आकारच बदलला. 1960 च्या दशकात ब्रिटिश वादकांनी ती उचलली आणि मग तिची मागणी वाढली. म्हणजे भाव वाजवणाऱ्यांमुळे चढतो. 2008 च्या मंदीत जुन्या गिटारींचे भाव घसरलेही होते. माझं मत असं, की मोजक्या, अस्सल, छेडछाड न केलेल्या गिटारी टिकतील. मधल्या दर्जाच्या टिकतील त्या पुढची पिढी वाजवत असेल तरच. नुसती जुनी आहे म्हणून प्लायवूडची गिटार कपाटात कोंडू नका, पोरांच्या हातात द्या.

त्या गृहस्थांनी नंतर एक फोटो आणून दाखवला. लग्नाच्या मांडवात वडील बसलेत, मांडीवर तीच गिटार, जुन्या सनबर्स्टसकट. मी फोटोच्या मागे साल आणि प्रसंग पेन्सिलीने लिहून घेतला आणि तो केसच्या खणात ठेवायला सांगितलं. भंगारवाल्याकडे चाव्या अजून आहेत का, ते विचारायला ते त्याच संध्याकाळी गेले.