आधी सावली मोजा, व्हिडिओ कॉल नंतर

परदेशातल्या शाळेबरोबर ऑनलाइन प्रकल्प करायचा म्हटलं की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "व्हिडिओ कॉल कधी लावायचा?" माझं म्हणणं, कॉलचं सगळ्यात शेवटी बघा. एका लॅपटॉपपुढे चाळीस मुलं दाटीवाटीने बसतात, कोणीतरी "व्हॉट इज युअर फेव्हरेट कलर" विचारतं, पलीकडून "ब्लू" येतं, मग नेट अडकतं आणि घंटा होते. फोटो छान येतात, वहीत मात्र काहीच उतरत नाही.

त्यापेक्षा असा प्रश्न शोधा, ज्याचं उत्तर आपल्या वर्गाला एकट्याने काढताच येणार नाही. सण, पदार्थ, पोशाख ही माहिती पुस्तकातही मिळते, त्यासाठी पलीकडचा वर्ग कशाला हवा? तुमच्या आकड्यांवाचून त्यांचं अडलं पाहिजे आणि त्यांच्या आकड्यांवाचून तुमचं. मग मुलं स्वतःहून विचारतात, "बाई, त्यांचा मेल आला का?"

मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीला शिकवते, दुपारच्या सत्रात. आमचा प्रश्न होता, पृथ्वीचा घेर किती? एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सुमारे २२०० वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या दोन गावांतल्या दुपारच्या उन्हावरून तो काढला होता. पुण्यातली एक काठी कितीही नीट मोजली तरी तिच्यावरून घेर निघत नाही. दुसरी काठी दूर उत्तरेला किंवा दक्षिणेला हवीच.

जोडीदार निवडताना म्हणून नकाशावर उभी रेघ ओढली. पुणे साधारण ७३.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. तीच रेघ वर नेली की किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक जवळजवळ वाटेतच लागते, ७४.६ अंशांवर. अक्षांश मात्र आपला साडेअठरा, त्यांचा जवळपास त्रेचाळीस. सरळ अंतर सुमारे २७०० किलोमीटर. तिथलाच वर्ग मिळाला तर उत्तम, पण अडून बसू नका. नैरोबी चालेल, हेलसिंकी चालेल. फक्त रेखांश वेगळा असेल तेव्हा दोन शहरांमधलं विमानाचं अंतर घेऊ नका. गूगल अर्थवर पुण्यापासून सरळ उत्तरेला किंवा दक्षिणेला, त्यांच्या अक्षांशापर्यंतचं अंतर मोजा. हिशेबात तेच लागतं.

वर्ग शोधायचा कुठे? १९८८ पासून चालत आलेलं आयअर्न हे जाळं शाळांच्या अशाच प्रकल्पांसाठी आहे. शाळा जोडणाऱ्या ई-ट्विनिंगचंही नाव खूप ऐकू येईल, पण ते युरोप आणि त्याच्या शेजारच्या काही देशांपुरतं आहे. भाचा, चुलत बहीण, सोसायटीतले काका, परदेशात असलेल्या कुणालाही सांगून ठेवा. पुण्यात असा माणूस नसलेलं घर शोधावं लागेल. आणि आपली साधी शाळा यात कुठे बसणार असं मनात आलं, तर परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींची आठवण ठेवा. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

पहिलं पत्र छोटं लिहा. मुलांचं वय, पटसंख्या, प्रश्न, त्यांच्याकडून नेमकं काय हवं आणि काम कधी संपणार, एवढंच. संपायची तारीख लिहिलीच पाहिजे. "वर्षभर संपर्कात राहू" म्हणणारे वर्ग महिन्याभरात गप्प होतात, तीन आठवड्यांचं काम म्हटलं की निभावतात. शाळांचं वर्षही एकसारखं नसतं. केनियात ते जानेवारीत सुरू होतं, जपानमध्ये एप्रिलमध्ये, युरोपात बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी मधे येते, जून ते सप्टेंबर आभाळाचा भरवसा नाही. सावलीसाठी फेब्रुवारी-मार्च बरा. बिश्केकला २१ मार्चला नौरोजची सुट्टी असते, म्हणून आम्ही दोन दिवस आधीची तारीख धरली.

आता काठी. मीटरपट्टी ओल्या वाळूच्या डब्यात उभी करा, पण उंची वाळूपासून नाही, सावली पडते त्या जमिनीपासून मोजा. ओळंबा लावून ती सरळ आहे ना ते बघा. दोरा आणि नट बांधलात तरी ओळंबा झाला. मैदान सपाट दिसतं, पण नसतं. आमच्याकडे एका मुलाने खिशातली गोटी काढून ठेवली, ती घरंगळत कोपऱ्यात गेली आणि काठीने जागा बदलली. (गोट्या शाळेत आणायच्या नाहीत, हा नियम त्या दिवसापुरता मी विसरले.)

घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, असं पुण्यात होत नाही. भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली, आपण तिच्या बरेच पश्चिमेला. त्यामुळे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खरी दुपार बारा चाळीसच्या सुमारास होते. सव्वाबारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करायची आणि लांबी लिहायची. सगळ्यात आखूड सावली आपली. सूर्याकडे बघायचं नाही, हे तीनदा बजावा.

विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या, आसपास एक मीटर काठीची सावली पुण्यात साधारण ३४ सेंटिमीटर येते, बिश्केकला ९३. त्यांचा फोटो आला तेव्हा एका मुलीने हात वर केला, "बाई, सूर्य तर एकच आहे, मग त्यांची एवढी लांब कशी?" मी उत्तर दिलं नाही. चेंडूवर मातीने दोन काड्या चिकटवल्या, दोन्ही एकदम उन्हात धरल्या आणि चेंडू तिच्या हातात दिला. पुढची वीस मिनिटं मला बोलावं लागलं नाही.

कोन काढायला त्रिकोणमिती लागत नाही. आलेखाच्या कागदावर दहा सेंटिमीटरची उभी काठी, तिच्या पायाशी ३.४ सेंटिमीटरची आडवी सावली. टोकं जोडा आणि काठीच्या वरच्या टोकाशी कोनमापक लावा. आमच्या मुलांना १९ अंश मिळाले, त्यांना ४३. फरक २४. ३६० मध्ये २४ पंधरा वेळा जातात, म्हणजे आपल्यातलं अंतर पृथ्वीच्या पूर्ण फेरीचा पंधरावा भाग, आणि पंधरा गुणिले २७०० म्हणजे ४०,५०० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला खरा घेर सुमारे ४०,००० आहे. फरक का पडला यावर दोन्ही वर्गांनी याद्या केल्या. एकमेकांच्या काठीवर संशय घेण्यात मुलांना फार रस.

तक्ता एकच ठेवा, दोघांनाही उघडता येईल असा. त्यात आकडे इंग्रजी लिपीत लिहायला लावा आणि महिन्याचं नाव अक्षरात, नाहीतर ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च यावर दोन मेल खर्ची पडतात. बाकीचं मुलांनी मराठीत लिहावं, पत्रापुरतं शिक्षकांनी भाषांतराचं साधन वापरावं. एकाच अ‍ॅपवर सगळं टांगू नका. स्काइपवर वर्षानुवर्षं वर्ग जोडले गेले, ते मे २०२५ मध्ये बंद झालं.

परवानगीचं काम मात्र घाईत उरकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. संमतीपत्र मराठीत करा आणि पालक सभेत मोठ्याने वाचून दाखवा. दप्तरातून पाठवलेला कागद सही होऊन येतो, पण वाचलेला नसतो. आधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. फोटोत आडनाव, ओळखपत्र, शाळेची पाटी नको. सावलीचा एक फायदा असाही, की फोटोत हात, पट्टी आणि खडू एवढंच लागतं. चेहऱ्याची गरजच पडत नाही.

आणि शेवटी तो कॉल. सावली ज्याने त्याने आपापल्या दुपारी मोजायची असते, त्यामुळे तोपर्यंत घड्याळं जुळवावी लागत नाहीत. बिश्केक आपल्या अर्धा तास पुढे, नैरोबी अडीच तास मागे, दोन्ही सोयीचे. युरोपाशी बोलायचं तर वेळ ठरवताना जपा, तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं. वीस मिनिटं पुरे. पाच मुलं प्रश्न विचारतील, तेही आकड्यांवरचे, बाकीच्यांच्या हातात आपले आलेख. नेट गेलं तर जाऊ द्या, काम आधीच झालेलं असतं.

पलीकडचे म्हणाले, जूनमध्ये पुन्हा मोजू, तर हो म्हणण्याआधी थांबा. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला सरकलेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. ढग हटून २१ जूनला ऊन मिळालंच, तर मीटरभर काठीची सावली जेमतेम साडेआठ सेंटिमीटर येईल. त्या वेळी उत्तरेकडच्या वर्गाच्या कोनातून आपला कोन वजा करायचा नाही, मिळवायचा.